ताइतातली चिठ्ठी

दर गुरुवारी खानापूरच्या वेशीबाहेर चिंचांच्या सावलीत पाय ठेवायला जागा नसायची. सोडलेल्या बैलगाड्या, घोंगडीत गुंडाळलेले तापकरी, नारळांचे ढीग आणि मधोमध व्याघ्रचर्मावर कागदीबाबा! बाबा नाडी बघत नसे, जीभ बघत नसे. दवाखान्यातली चिठ्ठी मागून घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि डोळे मिटून दुखणं सांगायचा.

"एकाआड दिवस हीव भरतंय. व्हय का न्हाय?"

"व्हय महाराज!" गुणाबाईनं हात जोडले.

गुणाबाई आमची शेजारीण. तापकरी तिची लेक अक्काताई, अठरा वर्षांची, दसऱ्याला माहेरी आलेली. आईनं तोंड उघडलं नव्हतं, तरी बाबानं ओळखलं. गर्दीनं 'आई गं!' म्हणून श्वास सोडला.

बाबानं चिठ्ठीच्या माथ्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं. "ह्यो तिरशूळ. डाक्टर निमित्ताला, लिवून घेणारी देवी. खालची तीन अक्षरं म्हंजे तीन लोक. बाई, ह्ये औषीध न्हवं, यंत्र हाय! ह्येची बाटली भरून आणली की शक्ती गेली. दंडाला बांध. उघडलंस तर पोर हाताची जाईल."

आमच्या भागात मूल दचकलं तरी गुरवाकडून कागदावर यंत्र लिहून आणतात आणि तांब्याच्या ताइतात घालून बांधतात. तो कागद कुणी वाचत नाही, वाचायचा नसतोच. दवाखान्यातला कागदही तसाच, न वाचता येणारा. गुणाबाईला त्यात वावगं काय वाटणार? मी स्वतः सोमवार-एकादशी करणारी. देवाचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. त्या दिवशीही जुळले. त्याची मला आजही लाज वाटते.

चौदा दिवस गेले. एकाआड दिवशी अक्काताई अशी कुडकुडायची की बाजेचे पाय वाजायचे. ओठ पांढरे पडले. उठून बसवलं की मान कलायची.

पंधराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी माझा धाकटा भाऊ श्रीपाद बेळगावाहून आला. तो कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. अक्काताईला पाहताच म्हणाला, "हिला हिवतापाचं कोयनेल दिलं नाही? चिठ्ठी कुठंय?"

"दंडाला," मी म्हणाले.

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

गुणाबाई ताइताला हात लावू देईना. "न्हाय रं बाबा, उघडलं तर मरंल ती! महाराज बोलल्यात."

"मावशी, न उघडता मरेल!"

"तू शिकलेला. तुला देव न्हाय ठावं."

श्रीपाद चिडून उठला. मी त्याला मागच्या दारी नेलं आणि विचारलं, "त्या कागदावर असतं तरी काय?" त्यानं सांगितलं. ऐकता ऐकता माझे कान तापले. मी पोथीत जपलेला एक कागद काढला आणि गुणाबाईला म्हणाले, "चला गुणाबाई, महाराजांनाच विचारू."

गर्दीतून वाट काढून मी कागद पुढे केला. "बाबा, आमच्या सासूबाई."

कागद कपाळाला लागला. डोळे मिटले. "छातीच्या उजव्या अंगाला कफ गोठलाय. दम लागतोय. खरं?"

"अगदी खरं. जगतील ना?"

"जगतील म्हंजे? सव्वा म्हैन्यात पुरण वाटाय बसतील! बांध दंडाला."

"कुठल्या दंडाला बांधू, बाबा? त्यांना जाऊन तीन वर्षं झाली."

बाबानं घसा खाकरला. "त्येंचा आत्मा… आत्म्याला कफ…"

"आत्म्याला कफ व्हतोय व्हय रं?" भरमू गाडीवान मागून ओरडला, आणि माणसं हसली.

मी हसले नाही. शेजारी आमच्या गल्लीतली मालुबाई कण्हत बसली होती. "हिला काय होतंय सांगा. हिच्याकडं चिठ्ठी नाही."

"कागदाबिगर देवी बोलत न्हाय."

"देवीला दवाखान्याचा कागद लागतो?" माझा आवाज इतका चढतो हे मलाही ठाऊक नव्हतं. "तिच्या नावावर लेकरं मारतोस?"

श्रीपाद पुढे झाला. "भावकू, ओळखलंस का? चार वर्षं आमच्या दवाखान्यात बाटल्या धूत होतास." बाबाची नजर खाली गेली. श्रीपादनं सासूबाईंची चिठ्ठी उंच धरली. "डॉक्टर कोपऱ्यात दुखण्याचं नाव थोडक्यात लिहितात. हे 'न्यूमो', म्हणजे छातीत कफ. पुढं 'आर', म्हणजे उजवीकडे. एकाआड दिवसाच्या हिवतापाला 'बी. टी.' लिहितात. बाटल्या धुता धुता हा एवढंच शिकला. वरचा त्रिशूळ म्हणजे 'आरएक्स', लॅटिनमध्ये 'घे'. आणि हे टी. डी. एस., ह्याचे तीन लोक? दिवसातून तीनदा!"

गुणाबाई चालू लागली. मग धावू लागली. घरी येऊन तिनं लेकीच्या दंडाचा दोरा दातांनी तोडला. ताइतातून घामानं भिजलेला कागद निघाला. श्रीपादनं वाचला : "घे. कोयनेल. दिवसातून तीनदा, जेवल्यावर. सात दिवस."

"येवढंच?" गुणाबाई म्हणाली. "येवढंच लिवलंतं? मग मला कुणी सांगितलं का न्हाय रं?"

भावकूवर माझा राग आहेच. पण ज्यानं तो कागद एका आईच्या हातात ठेवला आणि 'पुढचा!' म्हणून हाक मारली, त्या डॉक्टरवरही आहे. तो दोन वाक्यं बोलला असता, तर भावकूला व्याघ्रचर्म अंथरायला जागाच उरली नसती.

दवाखान्यातून बाटली आली. तिच्यावर कातरून खाचा पाडलेली कागदी पट्टी होती, एक खाच म्हणजे एक वेळ. गुणाबाई खाच मोजून कडू औषध पाजत राहिली. तापाच्या तिसऱ्या पाळीला थंडी वाजलीच नाही. आठव्या दिवशी अक्काताई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आई, भाकरी दे गं. चटणी बी दे."

बायांनो, देवाला हात जोडा, मीही जोडते. पण देव कागदात कोडं घालत नाही. कागद माणसं लिहितात आणि माणसांना विचारता येतं. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की दवाखान्याच्या पायरीवरच थांबा. म्हणा, "हे काय लिहिलंय? किती वेळा घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?" डॉक्टर कावला तर कावू दे. मराठीत विचारा, कानडीत विचारा. कळेपर्यंत पायरी उतरू नका.