वहीत न लिहिलेला ग्लास

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? मोजूनमापून देणाऱ्यावर, की हात न आखडता देणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. आधी माझं ऐका.

मी मिक्सर बोलतोय. तीन भांडी, साडेसातशे वॅटची मोटर आणि आवाज गल्लीभर. माझं शिक्षण दुकानाच्या काचेत झालं. आठ महिने तिथं उभा होतो, तेव्हा माणसं किती खुशीनं फसतात ते जवळून पाहिलं. आमचा दुकानदार म्हणायचा, "ताई, यात दगड टाका, पीठ करून देईल." एकदा एका आजोबांनी खरंच खिशातून खडा काढला. दुकानदार डगमगला नाही. "काका, खड्याची गॅरंटी तुम्ही देता का?" सगळं दुकान हसलं. आजोबा इस्त्री घेऊन गेले.

मला नेलं ते शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीनं. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा जुने शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी पाव इंचाची चूक केली नव्हती. आता मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा ते एकटेच रिक्षानं डायलिसिसला जात आणि चार तासांनी पांढरेफटक होऊन परत येत.

तिथल्या सिस्टरनं एक वही दिली होती. एका रकान्यात जेवण, दुसऱ्यात पाणी आणि चहा. "पोटात जाईल ते वहीत जाईल," ती बजावायची. मुलगी रोज संध्याकाळी ती इमानेइतबारे भरायची.

पण मास्तर वाळत चालले. मुलीला बघवेना. फोनवरच्या व्हिडिओत कुणा हसऱ्या बाईनं सांगितलं की सकाळी घरी केलेली फळांची स्मूदी घ्या, अंगात ताकद येते. झालं. दोन केळी, एक संत्रं, चार खजूर, मूठभर पालक. साखरेचा कण नाही.

"बाबा, फळं चालतात ना तुम्हाला?"

"चालतात गं. फळांनी कधी कुणाचं वाईट झालंय?"

वर्ज्य फळांची यादी दवाखान्यानं दिलेली होती. तो कागद मास्तरांनी शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं झाकण नीट दाबलंच नाही. मी सुरू झालो आणि केळं थेट छताला! मास्तर खो खो हसले. "अगं, मला पाजायचीय की छताला?"

"हसू नका, फडकं आणा आधी."

कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

मग रोजचंच झालं. कामावर जाण्याआधी पंधरा मिनिटं ती त्यांच्याजवळ बसायची. ग्लास रिकामा होईपर्यंत उठायची नाही. आणि मास्तर मुद्दाम हळू प्यायचे.

हा ग्लास लिहायचा कुठं, हे मात्र तिला कळेना. "जेवण म्हणावं तर चावलं नाही, पाणी म्हणावं तर पाणी घातलं नाही. फळंच तर आहेत." तिनं पेनाला टोपण लावलं. वहीत रकाना नव्हता, म्हणून ग्लासही नव्हता.

एका दुपारी सिस्टरचा फोन आला. मुलगी कामावर होती. मास्तरांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ओट्यावर ठेवला.

"मास्तर, पोटॅशियम फार वाढलंय. अशानं हृदय बंद पडतं, सांगितलंय ना? केळी, संत्री बंद आहेत ना?"

"केळं सोलून किती दिवस झाले, सिस्टर."

"चेष्टा नको हो. वहीत सगळं लिहिताय ना?"

"घोट न् घोट."

फोन ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. माझं भांडं उपडं वाळत होतं. "ती पंधरा मिनिटं गेली तर मला उरतं काय?" ते म्हणाले. "तू गप्प बस." गल्लीभर ओरडणारा मी गप्प बसलो. दुसऱ्याला फसवणारा माणूस पहिलं गिऱ्हाईक स्वतःला करतो, हे मी दुकानात पाहिलं होतं. उपयोग शून्य.

रविवारी मुलीला सुट्टी होती. तिनं दोन ग्लास दिले. सोमवारी सकाळी मास्तर दवाखान्यात जायला शर्टाची बटणं लावत होते. तिसऱ्या बटणावर हात थांबले. त्यांनी तिला हाक मारली. मी तेव्हा फिरत होतो. माझ्या आवाजात ती हाक तिला ऐकू गेली नाही. भरलेला ग्लास घेऊन ती वळली, तोवर ते जमिनीवर होते.

मास्तर गेल्यावर काही दिवसांनी सिस्टर आली. मास्तरांचं स्वेटर वॉर्डात राहिलं होतं. तिनं वही मागितली, पानं उलटली. "यात तर सगळं मापात आहे," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर गेली. "यात काय करायचात?"

मुलीनं सांगितलं. केळी, संत्रं, खजूर, पालक.

"रोज?"

"रोज. चालतं म्हणाले होते ते."

सिस्टरनं वही मिटली. मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

ती गेल्यावर मुलगी टेबलाशी बसली. वही पहिल्या स्मूदीच्या दिवसापाशी उघडली आणि पानामागून पान, समासात लिहीत गेली: एक ग्लास. एक ग्लास. अशी एकावन्न पानं. शेवटच्या रविवारी लिहिलं: दोन. सोमवारच्या पानावर पेन टेकवलं, आणि काही न लिहिता उचललं.

आता मी कपाटावर आहे. वायर गुंडाळलेली, झाकणाचं रबर कडक झालेलं. या घरात पुन्हा फिरेन असं वाटत नाही, आणि तशी इच्छाही नाही.

तुमच्या घरी आजारी माणसाची अशी वही असेल, तर एवढं करा. हिशेब खरा ठेवा. मायेनं दिलेलंही त्यात लिहा, आवडीनं घेतलेलंही लिहा. रकाना नसेल तर कडेला लिहा. पण माणूस समोर बसलेला असतानाच लिहा.