आतली खुर्ची

सहाव्या वर्षी मास्तरांनी तिच्या हनुवटीखाली दिलेलं व्हायोलिन चोपन्नाव्या वर्षीही तिथेच होतं. मानेवर बोराएवढा काळा डाग, उजवा खांदा कायमचा दुखरा आणि सव्वीस वर्षं तीच खुर्ची, आतली.

ऑर्केस्ट्रात एका स्टँडमागे दोघं बसतात. पान संपलं की आतल्याने वाजवणं थांबवून ते उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. बाहेरची खुर्ची मानाची. तिच्या शेजारी त्या खुर्चीवर बसणारे काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी परीक्षा निघाली. पंचावन्ननंतर अर्ज घेत नसत. म्हणजे तिची ही शेवटचीच खेप.

महिनाभर तिने परीक्षेची तीच चार पानं घोटली.

"मलासुद्धा पाठ झालंय," नवरा म्हणाला. "दमली असशील तर मी वाजवून येतो. पडद्याआड कोणाला कळतंय?"

"पहिल्याच सुराला कळेल."

पडदा खरोखरच असे. वाजवणारा कोण हे परीक्षकांना कळू नये म्हणून चपला बाहेर काढायच्या आणि आत एक शब्द बोलायचा नाही. दाराशी काका मुद्दाम येऊन थांबले होते.

"खांदा सैल सोड, पोरी. तुझ्याइतकं चोख वाजवणारं आपल्या रांगेत कोणी नव्हतं."

"सव्वीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत, काका."

"माझी पानं वेळेवर उलटत होतीस," काका म्हणाले. "बसलेली घडी कशाला मोडायची?"

ती अनवाणी आत गेली. चारही पानं स्टँडवर शेजारी शेजारी चिकटवून ठेवलेली. उलटायला काही नव्हतंच. सुरुवात चांगली झाली. खांद्याने कुरकुर केली नाही. दुसरं, एरवी जिथे उलटायची वेळ येते ते पान संपलं आणि गज आपोआप तारेवरून उतरला, हात कागदाच्या कोपऱ्याकडे गेला. बोटांना चिकटपट्टी लागली तेव्हा ती भानावर आली. दोन मात्रा कोऱ्या गेल्या होत्या. उरलेली दोन पानं तिने चोख वाजवली, पण पडद्यापलीकडे कोणीतरी हलकेच हसलं होतं. असं मध्येच थांबणारं माणूस कुठल्या खुर्चीवरचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"कसं झालं?" घरी नवऱ्याने विचारलं.

"पान उलटलं."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याने भांडी घासायला घेतली.

पुढच्या सोमवारी बाहेरच्या खुर्चीवर चोवीस वर्षांची मुलगी येऊन बसली. घाबरलेली होती. गजाला राळ जरा जास्तच घासत होती.

"ताई, पान उलटायच्या वेळी मी मान हलवू का?"

"नको. तू वाजवत राहा."

पान संपत आलं. दोन मात्रा आधी तिने गज उतरवला, कोपरा चिमटीत धरला. पान उलटलं, आणि शेजारचा सूर जराही हलला नाही.