पांढऱ्या वेलीचं निळं फूल

सासूबाईंचा चिमटा त्यांच्या कमरेच्या दोरीला बांधलेला असायचा आणि रोपवाटिकेत त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्या कळीवर वाकल्या आणि सून नुसती जवळ उभी राहिली, तरी खेकसायच्या, "उजेड सोड!"

पण गोकर्णाचं काम भारी नाजूक. हे आपमतलबी फूल उमलायच्या आधीच, मिटल्या कळीत, स्वतःचे पराग स्वतःवर सांडून मोकळं होतं. त्याची दुसऱ्या वेलीशी सोयरीक जमवायची, तर आदल्या संध्याकाळी कळी उघडून आतले परागांनी भरलेले इवले दाणे एकूण एक खुडायचे, आणि सकाळी परके पराग लावायचे. एक दाणा राहिला की मुसळ केरात! आणि सासूबाईंचे हात तर आता थरथरायला लागले होते.

म्हणून गेल्या हंगामात त्यांनी जिवावर उदार होऊन चिमटा सुनेच्या हाती दिला, तोही एका कळीपुरता. "कळी पांढऱ्या वेलीची, पराग निळ्याचे. दाणा राहिला तर बीतून पांढरंच फूल येईल. सोयरीक जमली तर निळा रंग पांढऱ्यावर मात करेल. निळं आलं तर चिमटा तुझा, कायमचा."

सुनेला तो हवाच होता. मागून मिळालेला नव्हे, कमावलेला. त्या बीची वेल मांडवावर चढली तशी तिची झोप उडाली. त्यात सासूबाई बाजारभर सांगत सुटलेल्या, "माझी सून फूल घडवतेय!"

अखेर एका सकाळी कळी उमलली. शेजारचा रोपवाला आयताच बघायला आलेला. फूल निळं होतं. साधं, एकपदरी.

"मावशी, डोंगर पोखरून उंदीर काढलात की!" तो खो खो हसला. "असली फुलं माझ्या कुंपणावर शेकड्यांनी आहेत."

"अरे शहाण्या, फूल काय बघतोस, त्याची आई बघ!" सासूबाईंनी शेजारच्या पांढऱ्याशुभ्र वेलीकडे बोट दाखवलं. "हिच्या पोटी निळं आलंय. माझ्या सुनेनं कळीत एक दाणा ठेवला नाही. आहे तुझ्या घरात असा हात?"

रोपवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. सुनेची मान आपोआप ताठ झाली. आपण हे केलं, आपल्या हातांनी केलं, या विचारानं तिला अगदी भरून आलं.

सासूबाई कमरेची गाठ सोडायला लागल्या. इतक्या वर्षांची गाठ, सुटते कसली! त्यांनी कात्रीनं दोरीच कापली.

संध्याकाळी सून निळ्या वेलीच्या पुढच्या कळीवर वाकली, चिमटा हातात धरून. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि लगेच दोन पावलं मागे सरकल्या.

"उजेड येतोय ना गं नीट?"