आतल्या बाजूच्या बल्ल्या

बकारामनं सागाची बल्ली उचलून कुंपणाच्या खांबाच्या खाचेत आडवी बसवली, वाकसाच्या माथ्यानं दोन ठोके दिले आणि एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं. सरळच होती. त्याचं काम कधी वाकडं जात नसे.

"धर," तो म्हणाला, आणि त्याच्या लेकीनं, रुख्मानं, दुसरं टोक धरलं.

तीन दिवस हेच चाललं होतं. केशोरीहून बापाची बैलबंडी आली तेव्हा घुंगरांचा आवाज ऐकून रुख्मा शेणाच्या हातांनीच अंगणात धावली होती. सहा महिन्यांपूर्वी नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी मागची एक खोली न् तिच्यापुढची उघडी वाडी तिच्या वाट्याला टाकली. तेव्हापासून ती या बंडीची वाट पाहत होती. गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या देवकाबाईजवळ तिनं निरोपही धाडला होता. बंडी आली, पण रिकामी नाही, भरून आली. ऐनाचे खांब, सागाच्या बल्ल्या, चिरलेले बांबू. मालगुजारी जाऊन जंगल सरकारचं झाल्यापासून तिथून एक काडी आणायची तरी नाकेदाराच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत. बापानं तर बंडीभर आणलं होतं. लेकीसाठी काही केलं नाही असं कुणी म्हणायची सोयच त्यानं ठेवली नव्हती.

देवकाबाईनं निरोप अर्धाच पोचवला, असं रुख्मानं मनाशी ठरवलं होतं. पोरीला करमत नाही, एवढंच सांगितलं असेल. पुढचं सांगायला भीड पडली असेल. बाप जेवायला बसला की आपणच सांगू, असं ती रोज ठरवी आणि भात वाढताना रोज तिची जीभ उचलत नसे.

"मामाजी, बल्ल्या आतून ठोकून राहिले?"

तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ टिकाराम तंबाखू मळत वाडीच्या कडेला येऊन उभा होता.

"बाहेरून ठोका ना. आमच्याकडं तं बाहेरूनच ठोकतेत."

"मले असीच सवय आहे, टिकारामजी," बकाराम म्हणाला. म्हणताना तो चक्क हसला. "पोरीकडं लक्ष ठेवजा जी. तुमच्याच भरवशावर आहे."

"ते काय सांगाले पायजे?" टिकारामनं रुख्माकडे पाहत तंबाखू तोंडात टाकली आणि सावकाश निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर रुख्मानं विचारलं,

"बा, आपल्या घरी तं तू बाहेरूनच ठोकल्या होत्या. इथं आतून काऊन?"

बकारामनं दातांत धरलेला खिळा काढून हातात घेतला.

"बाहेरून ठोकल्या का त्याच्या पायऱ्या होतेत. चढनाऱ्याले पाय ठेवाले जागा भेटते."

"कोनाले?"

त्यानं खिळा ठोकायला घेतला. रुख्माच्या हातातलं बल्लीचं टोक खाली गेलं.

"म्हंजे देवकाबाईनं सारं सांगतलन तुले."

"सांगतलन."

"रातीचं दार कोन हालवते ते? नाव बी?"

"नाव बी."

"आन त्यालेच म्हनते, लक्ष ठेव म्हनून?"

"मंग काय म्हनू? याच गावात राहाचं आहे तुले." तो बल्लीशीच बोलत होता. "वैशाखात प्रेमिलाचं लगन आहे. मोठी काऊन वापस आली म्हनून सोयरे पुसतीन. तुह्या लहान्या बहिनीचं मोडू काय? मजबूत करून देऊन राहिलो ना, रुख्मे. वीस वर्सं हालत नाई हे."

रुख्मा चोवीस वर्षांची होती. तिला रडू आलं नाही, राग आला. टिकारामचा नव्हे, तो कसा आहे हे तिला ठाऊकच होतं. राग आला तो या माणसाचा, ज्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे लाकडं तासायला बसला. तिनं पडलेलं टोक उचललं आणि खाचेला लावलं.

उन्हं कलायच्या आत काम झालं. गुडघ्याला एक, कमरेला एक, खांद्याला एक, अशा तीन बल्ल्या सुतात सगळ्या वाडीभोवती गेल्या. बाहेरून लावलेले बांबू बकारामनं वरच्या बल्लीच्या बरोबरीनं छाटले आणि तो पाणी प्यायला खोलीच्या दारात आला.

उंबऱ्याशी एक गाठोडं होतं. त्यात लुगडी होती, घोंगडी होती, आणि गाठीखालून तांब्याचा काठ वर आला होता. बकाराम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"धुनं होय काय?" त्यानं विचारलं.

रुख्मानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"हव," ती म्हणाली. "धुनंच होय."

"मंग बरं झालं. वाळू घालाले बल्ल्या कामी येतीन."

पाणी पिऊन त्यानं बैल जुंपले. रुख्मानं गाठोडं सोडलं, तांब्या चुलीपाशी नेऊन ठेवला आणि लुगडी खांद्यावर घेऊन ती कुंपणाशी आली. बंडी तळ्याच्या पाळीवर चढली. वळणावर बकारामनं एकदा मागं पाहिलं. त्याला नीट दिसेल अशी उभी राहून रुख्मानं ते कोरडं लुगडं दोन्ही हातांनी घट्ट पिळलं, झटकलं आणि वरच्या बल्लीवर पसरलं.