छत्री घरी गेली

काल सकाळी नऊ वाजता मला कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, बातमी एवढीच आहे. गेला संपूर्ण हिवाळा रोज नऊच्या सुमारास एका उपचार केंद्रातल्या कोपऱ्यातल्या खोलीत माझं पान उघडत होतं. काल ते उघडलं नाही. यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. ते कळण्यासाठी माझी हकिगत पहिल्यापासून ऐकावी लागेल.

मी एक जुनी वेबसाइट आहे. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची. माझं पान कुणी उघडलं की समोरची माणसं मला दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं. पान मिटलं की अंधार. त्यामुळे जे उघड्या पानासमोर घडलं किंवा बोललं गेलं तेवढंच मी सांगणार आहे. पदरचं काही घालणार नाही.

माझा जन्म शिंप्याचं दुकान आणि लॉन्ड्री यांच्यामध्ये कोंबलेल्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. तिथे एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागे. भिंतीवर हुकांची रांग होती. छत्री आली की तिच्या मुठीला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा आणि ती हुकाला लटकवायची. दुरुस्त झालेली छत्री न्यायला मालक आला की आमचे छत्रीवाले तो दोरा स्वतः कात्रीने कापत. मालकाला तो कधी तोडू देत नसत. दोरा कापला की रिकाम्या हुकाकडे बघत ते पुटपुटत, "चला, घरी गेली."

त्यांची भाची वेबसाइट बनवायचं काम करी. एकदा ती आपली मोडकी छत्री घेऊन आली आणि स्टुलावर बसून दुपारभर हे सगळं बघत राहिली.

"मामा, हे लोकांना वाचायला आवडेल."

"छत्रीबद्दल कोण वाचणार गं? हरवल्याशिवाय तिची आठवणसुद्धा होत नाही कुणाला."

"तुम्ही सांगा तर खरं. मी टाइप करते."

असे मामा सांगत गेले, भाची टाइप करत गेली आणि मी वाढत गेले. एका छत्रीची एक नोंद. नमुन्यादाखल एक ऐका: 'काळी छत्री. दोन काड्या निसटलेल्या. मालकीणबाई म्हणतात, वाऱ्याने झालं. काड्या म्हणतात, हिने झाडावर अडकलेला चेंडू काढला. मी काड्यांच्या बाजूचा आहे. नव्या काड्या घातल्या, कापडाला टाके घेतले, खटक्याला तेल दिलं. छत्री घरी गेली.'

प्रत्येक नोंदीचा शेवट हाच. भाची कधीतरी वैतागून म्हणे, "मामा, दर वेळी तेच काय? काहीतरी वेगळं लिहा ना."

"गेली ना ती घरी? मग दुसरं काय लिहू?"

माझ्या पानाच्या अगदी तळाशी मामांनी आणखी एक कोपरा करून घेतला. त्याला नाव दिलं 'शेजारी'. स्वतःला आवडलेल्या दोन-तीन वेबसाइटचे पत्ते त्यांनी तिथे लावले. त्यावरून मामा-भाचीचं चांगलंच वाजलं.

"एक बाई बस डेपोत हरवलं-सापडलंच्या खिडकीवर बसतात, त्यांची साइट. दुसरे बाहुल्या दुरुस्त करतात. मामा, यात छत्र्या कुठायत?"

"नाहीत."

"मग आपल्यासारख्या साइट म्हणून या कशा लावायच्या? लोक छत्र्या शोधत येणार!"

"अगं, शेजारी काय आपलाच धंदा करणारा असतो का? हा शिंपी बघ, तो लॉन्ड्रीवाला बघ. माणूस आपल्यातला वाटला की झालं. राहू दे ते."

भाचीने ते राहू दिलं, पण अक्षर इतकं बारीक ठेवलं की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नये.

पुढे माझे बरे दिवस आले. कुणी एका वर्तमानपत्रात माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या. शाळेतल्या एका बाईंनी वर्गात माझ्या नोंदी वाचून दाखवल्या आणि मुलांनी मला चित्रं पाठवली. त्यातल्या एका छत्रीला पाय होते आणि ती स्वतःच दार वाजवत होती. मामांनी ते चित्र हुकांच्या वर लावलं.

मग मामांचे हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. दुकान बंद झालं, मामा बहिणीकडे राहायला गेले, नवी नोंद येईनाशी झाली. शोधणाऱ्यांना माझ्याआधी दुकानांच्या झगमगीत जाहिराती दिसू लागल्या. मी मागे, मागे आणि आणखी मागे जात राहिले. आठवडाच्या आठवडा पान उघडत नसे. भाचीने एकदा मला उघडलं आणि ती स्वतःशीच म्हणाली, "बंदच करून टाकावी का आता?"

मित्रांनो, बंद झालेल्या वेबसाइटचं पुढे काय होतं हे मला माहीत नाही. ते सांगायला कुणी परत आलेलं नाही.

तेवढ्यात ती खोली माझ्या आयुष्यात आली.

पान उघडलं तेव्हा समोर एक पलंग होता. पलंगावर एक आजी उशांना टेकून बसल्या होत्या. टॅब, म्हणजे मला, हातात धरून आजोबा खुर्चीत होते आणि बाजूला त्यांची लेक उभी होती. बोलण्यावरून कळलं ते असं: आजींनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांचा आवाज ठाऊक होता. आणि आता मेंदूत रक्ताची गुठळी झाल्यापासून त्यांना शब्द सापडत नव्हते. समजत सगळं होतं. ओठ हलत, पण शब्द येत नसे. आजोबांची नोकरी बस चालवण्यात गेली होती, आणि ते म्हणत, आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडेच होतं.

रोज काहीतरी मोठ्याने वाचा, असं केंद्रातून सांगितलं होतं. बातम्या झाल्या, विनोद झाले. आजी खिडकीकडे तोंड करून बसत. मग मुठीला टेप गुंडाळलेल्या स्वतःच्या छत्रीसाठी काहीतरी शोधताना आजोबांना मी सापडले होते.

"हे बघ, गंमत आहे," म्हणून त्यांनी ती चेंडूवाली नोंद वाचली. आजींनी मान वळवली. शेवटाला त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. शब्द नव्हता, पण आवाज होता.

"बाबा, परत वाचा! परत!" लेक ओरडली.

तेव्हापासून रोज नऊला मी ठरलेली. माझी पानं इतकी उघडली जाताहेत हे भाचीच्या लक्षात आलं आणि मला बंद करणं तिने लांबणीवर टाकलं.

अडचण एकच होती. माझ्या नोंदी संपत आल्या.

"अशाच आणखी साइट शोधते ना मी, त्यात काय," लेक म्हणाली. तिने शोधलं. छत्र्यांची दुकानं मिळाली, छत्र्यांचा इतिहास मिळाला, छत्रीची घडी कशी करावी याचे व्हिडिओ मिळाले. आजोबांनी इमानेइतबारे सगळं वाचलं. आजी पुन्हा खिडकीकडे वळल्या. मग आजोबांना वाटलं, वाचून नाही तर बघून खूश होईल. त्यांनी एक निळी छत्री आणली. लेकीने फुलाफुलांची आणली. आजोबांच्या डेपोतले जुने कंडक्टर भेटायला आले, तेही छत्रीच घेऊन आले. पलंगाच्या कठड्याला एवढ्या छत्र्या लटकल्या की झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दुकान काढताय का हो इथे?" आजींनी एक छत्री उचलली आणि जोर लावून भिंतीवर फेकली.

"हातात ताकद आली, हेही नसे थोडके," आजोबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

कारण डॉक्टरांनी त्यांना एक अट सांगून ठेवली होती. घरी आजोबा आणि आजी दोघंच. आजोबा सामान आणायला बाहेर पडले आणि आजींना काही झालं, तर त्यांना फोन उचलून निदान चार शब्द सांगता यायला हवेत. ते जमलं तरच घरी सोडता येईल, नाहीतर कायमची व्यवस्था केंद्रातच करावी लागेल. हे बोलणं आजोबा आणि लेक यांच्यात माझ्या उघड्या पानावरून, कुजबुजत झालं. आजी डुलकी घेत होत्या. लेकीचा दंडकच होता: "आईसमोर घराचा विषय काढायचा नाही हां, बाबा. उगाच तिचा जीव कासावीस होईल." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दारातच हे बजावी. सगळे हवापाण्याचं बोलत.

मग एका सकाळी बोलणं शिकवणाऱ्या ताई वाचनाच्या वेळेला येऊन बसल्या.

"आजोबा, या साइटमध्ये आजींना नेमकं काय आवडतं?"

"छत्र्या."

"छत्र्या तर फेकल्या त्यांनी."

"मग... लिहिणाऱ्याचा स्वभाव असेल. मिश्कील आहे जरा."

"असं करू. तुम्ही वाचलेलीच एखादी नोंद वाचा. माझ्याकडे बघू नका, मी आजींकडे बघते."

आजोबांनी चष्मा लावला आणि वाचलं: 'छोट्या मुलीची छत्री. मूठ बदकाच्या डोक्याची, चोच तुटलेली. वडील म्हणाले, नसली चोच तर नसो. मुलगी म्हणाली, मग ते जेवणार कसं? लाकडाची चोच कोरली. मुलीने तिला आधी बिस्कीट भरवून पाहिलं. छत्री...'

ताईंनी पटकन हात वर केला. आजोबा थांबले.

"घ... घरी," आजी म्हणाल्या. "घरी गेली."

आजोबांच्या हातातून मी घसरले आणि पांघरुणावर पडले. मला फक्त छत आणि तिघांचे आवाज मिळाले.

"आजोबा, छत्र्या नाहीत हो," ताई हळूच म्हणाल्या. "आजींना घरी जायचंय. या खोलीत तो शब्द कोण उच्चारतं?"

मग आजोबांचा आवाज आला, "कुणीच नाही. आम्ही ठरवूनच बोलत नव्हतो." आणि मग आजींना, "अगं, सांगायचंस ना," म्हणाले आणि स्वतःच हसले, रडल्यासारखे. सांगता येत असतं तर काय हवं होतं?

ताईंनी मला उचललं. "आता छत्री शोधायची नाही. परत मिळालेल्या, परत गेलेल्या वस्तू शोधायच्या," म्हणत त्यांनी माझं पान सहज खाली सरकवलं. तळापर्यंत. मित्रांनो, तिथवर वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं.

"हे काय? शेजारी? हरवलं-सापडलंची खिडकी?"

"बस डेपोची?" आजोबा सरसावले. "अहो, आमच्याही डेपोत होती तशी खिडकी. मी जन्मभर तिथे लोकांचे डबे आणि कवळ्या जमा केल्यात!"

बाहुल्यांच्या साइटने दार उघडलं नाही, ती कधीच बंद पडली होती. पण डेपोतल्या बाईंची साइट जिवंत होती. बसमध्ये काय राहिलं, ते न्यायला कोण आलं, काय बोललं, आणि कसं ते मालकाच्या हाती गेलं. दुसऱ्या दिवसापासून आधी माझी एक नोंद आणि मग शेजारणीच्या दोन, असा क्रम लागला. त्यांच्या नोंदी वाचताना माझं पान बाजूला उघडंच असे, म्हणून मलाही ऐकायला मिळे. आजोबा शेवटाआधी थांबत, आजी शेवट सांगत. आधी एक शब्द, मग दोन. एकदा एका प्रवाशाचा एकच बूट राहिल्याची नोंद होती. आजोबा म्हणाले, "एक बूट घालून माणूस घरी पोचला कसा असेल?"

"लं... लंगडत," आजी म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

ताईंनी सरावासाठी एक जुना, तार तोडलेला टेलिफोन आणला. आजींनी रिसीव्हर कानाला लावला, पाठ ताठ केली आणि ओठ हलवत राहिल्या. कधी चार शब्द जमत, कधी दोन, कधी एकही नाही. आजोबा मात्र आता सगळ्यांदेखत घराच्या गप्पा मारत. नळ बदलला, तुझी खुर्ची उन्हात हलवली, खालचे लोक विचारत होते. लेकही दारात कुणाला अडवत नसे.

परवा सकाळी नऊला पान उघडलं. डॉक्टर त्या दिवशी ठरवणार होते. आजोबांनी चष्मा पुसत विचारलं, "आज शेजारणीचं वाचू?"

"नको," आजी म्हणाल्या. "छत्री."

आजोबांनी बदकाची नोंद काढली. चोच बसली, बिस्कीट भरवून झालं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. डॉक्टरांचा आवाज आला. टेबलावरचा टेलिफोन कुणीतरी उचलला. आजोबांनी घाईने पान मिटलं. शेवटची ओळ वाचायची राहिली.

मित्रांनो, तुम्हालाही माझ्यासारखी एखादी साइट आवडली, तर तिच्यासारखी दुसरी शोधताना नुसतं तिचं नाव आणि विषय शोधू नका. तिच्यातलं काय आवडलं, ते आधी स्वतःला विचारा. पानाच्या तळापर्यंत जा. तिथे कुणीतरी तुमच्यासाठी शेजाऱ्याचं दार दाखवून ठेवलेलं असतं. आणि आवडलेल्या जागी अधूनमधून येत जा. न येणाऱ्यांची वाट बघत आम्ही बंद पडतो. बाहुल्यांच्या त्या शेजाऱ्याला मी एकदाही पाहू शकले नाही.

दुकानात असताना छत्री गेली की हूक रिकामा राही. ती कुणासोबत आणि कुठे गेली, हे हुकाला कळत नसे. ते मामा मोठ्याने म्हणत म्हणूनच कळे.

काल पान उघडलं नाही. आज दहा वाजत आले आहेत. 'घरी गेली' असं अजून कुणी म्हटलेलं नाही.