दिवाळसणाचा तवा

हुलसूरच्या शांतम्माच्या लेकीचं, सुधारानीचं, वैशाखात लग्न झालं. ती हुमनाबादच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि जावई अरुणकुमार त्याच गावात खत-बियाण्याच्या दुकानात कामाला. सुधारानीच्या ड्युटीचा काही नेम नसायचा. म्हणून अरुणकुमारनं स्वयंपाक शिकायचं मनावर घेतलं. बायको कामावर गेली की सासूला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

"अव्वा, भाकरी थापतानाच चिरायलीय बघा."

"पाणी कढत घेतलाव का? अजून मळा. कामून घाई करायलाव?"

पहिला दिवाळसण आला. शांतम्माचा नवरा बसवंतप्पा यानं जावयासाठी अंगठी ठरवली होती.

"पोती उचलताना ती काढूनच ठेवतील," शांतम्मा म्हणाली. "त्यांना लागतं ते देऊ. तवा देऊ."

बसवंतप्पानं चहाची कपबशी खाली ठेवली. "जावयाला तवा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसनं जवळच्या कल्याणला गेली. भांड्यांच्या दुकानात किशनराव मालकानं चकचकीत, हलका तवा पुढं केला. "लेकीला बरा पडंल."

"लेकीला न्हाई. जावयाला पाहिजे."

किशनराव हसला. शेजारचं गिऱ्हाईकही हसलं. शांतम्मानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं काळा लोखंडी तवा उचलला, डोळ्यासमोर आडवा धरला. "हा मधी फुगलाय. दुसरा काढा." चौथा तवा तिच्या मनास आला. अरुणकुमारची बोटं दोनदा पोळली होती, म्हणून लांब दांड्याचं उलथनं घेतलं. तो उंच, ओट्याशी उभं राहून मळणारा; खोल काठवटीचा काठ मनगटाला लागला असता, म्हणून उथळ काठवट घेतली. मीठ किती, असं त्यानं विचारलं की ती 'अंदाजानं' म्हणायची आणि तो गोंधळून जायचा. त्यासाठी मापाला पितळेचा एक लहान चमचा घेतला. मसाल्याचा डबाही घेतला; त्यात घरचा काळा मसाला ती स्वतः भरणार होती.

पाडव्याला लेक-जावई आले. हळ्ळीखेडहून अरुणकुमारचे काका गुरुबसवही आले. अरुणकुमारचे वडील वारल्यापासून घरातले मोठे तेच. ओवाळणं झालं आणि शांतम्मानं सगळ्यांसमोर ती भांडी जावयापुढं मांडली.

गुरुबसवांचा चेहरा उतरला. "हे काय? आमच्या घराण्यात गडीमाणसानं चूल बघितली न्हाई. पोराला बाईमाणूस करायलाव का तुमी?"

"गप ग," बसवंतप्पा हळूच म्हणाला.

शांतम्मा गप्प बसली नाही. "समाजाच्या सभेत कायक कायक म्हणता तुमी, काम हीच पूजा म्हणता. कोणतंच काम हलकं न्हाई म्हणता. मग भाकरी भाजणं कसं हलकं झालं? माझी लेक रात्रभर पेशंटच्या उशाशी उभी ऱ्हाती. घरी आल्यावर तिला गरम घास मिळाला तर तुमच्या घराण्याचं काय बुडायलंय?"

गुरुबसव उठले. "अरुण, ऊठ. चल."

अरुणकुमार मान खाली घालून बसला होता. शांतम्मा त्याच्याकडं बघू लागली. काठवटीच्या काठापर्यंत तिनं त्याचा विचार केला होता. पण हे असं चारचौघांत मांडलेलं चालेल का, हे त्याला विचारलंच नव्हतं.

त्यानं मान वर केली. "काका, मी न्हाई यायलो. आजच्या भाकऱ्या मी करणार हाय. बसा, खाऊन जावा."

काका चप्पल घालून निघून गेले. सुधारानी मदतीला उठली, तर तो म्हणाला, "तू बस. रात्रपाळी करून आलीस." तो आत गेला. पहिली भाकरी चिरली, दुसरी करपली. बसवंतप्पा पाटावर बसून होता. चिरलेली भाकरी त्यानंच मागून घेतली आणि खाल्ली.

पुढच्या आठवड्यात गुरुबसवांचा निरोप आला: शांतम्मानं माफी मागावी, तरच येणं-जाणं ऱ्हाईल. शांतम्मानं उलट निरोप धाडला: "येळअमावस्येला आमच्या शेतात जेवायला या. जावई रांधणार हाय. माफी तेवढी मिळणार न्हाई."

येळअमावस्येला, पिकाची पूजा करून रानातच जेवायच्या सणाला, शेतात माणसं जमली. गुरुबसव आले नाहीत. दुपारी बांधावरून त्यांची बायको शैलश्री एकटीच चालत येताना दिसली. शांतम्मा लगबगीनं सामोरी गेली.

"त्येंना इचारून आलाव का, अक्का?"

"इचारून न्हाई, सांगून आले," शैलश्री म्हणाली आणि पंगतीत जाऊन बसली. "अरुण, वाढ बाबा."