पुढच्या पानावरची टीप

काकांनी सत्तेचाळिसावं पान मॅडमच्या कीबोर्डवरच ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले. बाजूला ठेवलं असतं तर ते पान संध्याकाळपर्यंत तिथंच लोळत पडलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी पान उचललं. लाल शाईचा एक लांबलचक बाण तळापासून निघून मधल्या ओळींत घुसला होता. बाकी पान स्वच्छ. कचेरीच्या ईमेल प्रोग्रामची ही नवी माहितीपुस्तिका एकशे बारा पानांची होती, मॅडमनी स्वतः लिहिली होती, आणि चार वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता. आत्ता साडेदहा वाजले होते.

"काका, हे काय?"

"पुढच्या पानावरची टीप इकडं आणायची. तिसऱ्या पायरीच्या वर."

मॅडम हसल्या. हसतच त्यांनी समजावलं, की काकांना शुद्धलेखन बघायला नेमलंय, यंत्राचं बघायला माणसं आहेत. टीप हलवली की मजकूर सरकणार, चित्रं सरकणार, मागची सूची नव्यानं करावी लागणार. शिवाय वर्षभर चारशे माणसं हा प्रोग्राम वापरताहेत आणि एकाचीही तक्रार नाही. मग हे नसतं झेंगट आजच कशाला?

आता काका म्हणजे भांडणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखान्याला टाळं लागलं तसे या कचेरीत कंत्राटावर आले. खिशात भिंग असायचं म्हणून पाठीमागं सगळे त्यांना 'भिंग'च म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. चूक दिसली की खूण करायची, पान पुढं सरकवायचं. लेखकानं मानलं तर त्याचं भलं, नाही मानलं तर त्याचं नशीब. असल्या सरळमार्गी माणसानं आज मात्र खुर्ची सोडली नाही. ते पान तसंच छापलं गेलं तर घरी वहिनीसमोर बसून घास गिळायचा कसा, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता.

झालं होतं ते रविवारी सकाळी. छापखान्याची जुनी रीत अशी, की मुद्रित दोघांनी तपासायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून पडताळायचं. वाचणाऱ्यानं अक्षर गाळायचं नाही आणि पडताळणाऱ्यानं पदरचं काही घालायचं नाही. कचेरीत दुसरा माणूस कोण देणार? म्हणून काकांनी पुस्तिका घरी आणली, घरच्या संगणकावर तोच प्रोग्राम घालून त्याला वहिनीची ईमेलची पेटी जोडली आणि तिला समोर बसवलं. काकांचं लग्न राहूनच गेलेलं, आणि दादाला जाऊन दोन वर्षं झालेली. घरात माणसं काय ती दोनच, दीर आणि भावजय.

वहिनीला काम भारी आवडलं. "तुम्ही वाचाल ते मी करते, भावजी," म्हणाली आणि पहिली सेहेचाळीस पानं तिनं बिनचूक पार केली. सत्तेचाळिसाव्यावर मथळा होता, 'जुनी पत्रं वेगळी ठेवणं', आणि तो ऐकून ती खुलली. दादा नऊ वर्षं दूरच्या खाणीवर मोजणीदार होता. सुट्टीला घरी आलेला नसला तर दर आठवड्याला तिला लिहायचा. तो गेल्यावर खाणीवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं, त्यामुळं ती पत्रं आता फक्त वहिनीच्या पेटीत होती, तीही जाहिरातींच्या केरकचऱ्यात. ती एकदाची वेगळी काढू, म्हणाली.

पहिली पायरी, 'जुनी पत्रं' नावाचा कप्पा उघडा. दुसरी, हवी ती पत्रं निवडा. तिनं दादाची चारशे सहा पत्रं निवडली. तिसरी, 'पेटी मोकळी करा' हे बटण दाबा. यंत्रानं विचारलं, 'खात्री आहे?' चौथी पायरी, 'होय' दाबा. काकांनी वाचलं, वहिनीनं दाबलं. मग काकांनी पान उलटलं. पुढच्या पानावर टीप होती: तिसऱ्या पायरीपूर्वी निवडलेली पत्रं कप्प्यात हलवलेली असावीत, अन्यथा ती कायमची पुसली जातील.

वहिनी रडली नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि रिकाम्या पडद्याकडं बघत म्हणाली, "पुढं वाचा, भावजी. पुस्तक पुरं करायचंय ना." काकांनी वाचलं. कसं वाचलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सोमवारी कचेरीत पाऊल टाकताच ते आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडं गेले. त्यानं तासभर खटपट केली आणि नकारार्थी मान हलवली. तेव्हापासून चार दिवस घरात वेळच्या वेळी स्वयंपाक होत होता, बोलणंचालणंही नेहमीसारखं होतं, पण वहिनी संगणकाच्या खुर्चीकडं फिरकली नव्हती.

यातलं एक अक्षर काकांनी मॅडमना सांगितलं नाही. घरचं रडगाणं गाऊन पान बदलून घेणं त्यांना मान्य नव्हतं. पान चुकलंय म्हणून पान बदलायला हवं होतं.

"मॅडम, पाच मिनिटं द्या," ते म्हणाले. "मी वाचतो, तुम्ही करा. वाचीन तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. काही बिघडलं नाही तर मी बाण खोडतो."

मॅडमनी घड्याळ बघितलं. स्वतःच लिहिलेलं पुस्तक, स्वतःच घडवलेला प्रोग्राम. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता. त्यांनी स्वतःची पेटी उघडली.

काकांनी पहिली पायरी वाचली. मॅडमनी कप्पा उघडला. दुसरी वाचली. मॅडमनी मागच्या वर्षीची पत्रं निवडली, आणि काकांनी तिसरीसाठी तोंड उघडायच्या आत त्यांच्या हातानं ती पत्रं उचलून अलगद कप्प्यात नेऊन सोडली.

"ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले.

"काय?"

"आत्ता जे केलंत ते."

मॅडमनी आपल्या हाताकडं बघितलं. "ते कळतंच की, काका."

"कुणाला?"

 मॅडमनी पत्रं पुन्हा पेटीत आणली आणि या वेळी हात आवरून धरला. काकांनी संथ आवाजात, एकेक शब्द सुटा करून तिसरी पायरी वाचली. मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर चौकट उमटली: खात्री आहे?

"चौथी. 'होय' दाबा," काकांनी वाचलं आणि ते थांबले.

मॅडमचं बोट बटणावर होतं. मागच्या वर्षीच्या त्या पत्रांत कुणाकुणाची पत्रं होती ते त्यांचं त्यांनाच माहीत. बोट काही खाली जाईना.

"पुढं वाचा," त्या म्हणाल्या.

"पुढचं पान उलटल्यावर आहे. आधी दाबायचंय."

मॅडमनी बोट उचललं आणि खुर्चीत मागं टेकल्या. चारशेजणांची आजवर एकही तक्रार का नव्हती, याचंही उत्तर मघाशी आपसूक चाललेल्या मॅडमच्या हातात होतं. त्यांना मॅडमनीच शेजारी बसून शिकवलं होतं. पुस्तक वाचून शिकणारी माणसं तर आता येणार होती. काकांच्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. जिंकलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

"घरी कुणी दाबलं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"वहिनीनं. मी वाचलं, तिनं दाबलं."

मॅडमनी चौकट रद्द केली. फोन उचलला आणि छापखान्याच्या माणसाला चारऐवजी सहाला यायला सांगितलं. तो कुरकुरला असावा, कारण त्यांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा आणि जरा वरच्या पट्टीत म्हटलं. मग त्या काकांकडं वळल्या. टीप वर नेऊच, न लिहिलेली पायरीही घालू, पण तेवढ्यानं भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुस्तक कपाटात ठेवून बटणं दाबणारे लोक थोडे का असतात? त्यांच्यासाठी यंत्रानंच धड विचारायला हवं. 'खात्री आहे?' हा काय प्रश्न झाला? माणसाला कसलीही खात्री असते. तर त्या जागी काय विचारायचं ते काकांनी लिहून द्यावं. दुपारपर्यंत त्या ते चौकटीत बसवतील.

काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी नीट केल्या होत्या, स्वतःची एक लिहिली नव्हती. तासभर ते कोऱ्या कागदाशी झगडले आणि जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. काका दारातच उभे राहिले.

"वहिनी, रविवारी त्या यंत्रानं तुम्हाला काय विचारायला हवं होतं?"

चार दिवसांत हा विषय पहिल्यांदाच निघाला होता. वहिनीनं हातातली घडी पुरी केली, दुसरी घातली. मग बाकीचे कपडे तसेच ठेवून ती उठली आणि म्हणाली, मीच येते, तिथं जाऊन सांगते.

मॅडमच्या खोलीत तिनं सांगितलं आणि मॅडमनी जसंच्या तसं टाइप केलं. दुरुस्त्या सुचवायची त्यांची सवय, पण या वेळी एक शब्द हलवला नाही. तासाभरात पान नव्यानं लागलं, प्रोग्रामही तयार झाला. काकांनी भिंग काढून पान तपासलं. मग आपली खुर्ची त्यांनी वहिनीसाठी पडद्यासमोर ओढली. बसेल की नाही, याची त्यांना धास्ती होती. वहिनी पदर सावरून बसली.

काकांनी वाचलं, वहिनीनं केलं. टीप आली, ती वाचली. पत्रं निवडायची, ती मॅडमच्या पेटीतली निवडली. कप्प्यात हलवा, असं आता लिहिलेलं होतं. ते मुद्दाम गाळून काकांनी थेट 'पेटी मोकळी करा' वाचलं. वाचणाऱ्यानं गाळायचं नाही, हा एकतीस वर्षांचा नेम त्यांनी तिथं मोडला. वहिनीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली:

'ही पत्रं पुन्हा मिळणार नाहीत. ज्यांची आहेत, ते पुन्हा लिहिणार आहेत का?'

वहिनीनं ते मनाशी वाचलं. मग 'नाही' दाबलं. पत्रं होती तिथंच राहिली.

"चांगलं ऐकतंय की," ती म्हणाली, आणि रविवारपासून पहिल्यांदा हसली. काकांनाही हसू आवरेना. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सहाला छापखान्याचा माणूस आला. पान छापायला सोडायचं तर जुन्या रिवाजाप्रमाणं त्यावर दोन सह्या लागतात, असं काकांनी निक्षून सांगितलं, आणि पानाच्या तळाशी पट्टीनं दोन चौकटी आखल्या: वाचणारा, पडताळणारा. पहिलीत त्यांनी आपली नेहमीची किरटी सही ठोकली आणि पेन वहिनीपुढं केलं. गेली दोन वर्षं ती सगळीकडं नाव आणि आडनाव लिहून मोकळी व्हायची. आज तिनं पेन नीट धरलं, नाव लिहिलं, आणि मधे दादाचं नाव अख्खं, एकेक अक्षर ठसठशीत करून घातलं. आडनावाला चौकटीत जागा उरली नाही, ते रेघ ओलांडून बाहेर गेलं. काकांनी पान उचललं आणि तसंच छापखान्याच्या माणसाच्या हातात दिलं.